कार्लोफोर्ते: बोली जेनोवाची, कुसकुस ट्युनिसचा आणि पत्ता सार्डिनियाचा

सार्डिनिया नकाशात लगेच सापडतं, इटलीच्या बुटाच्या पश्चिमेला समुद्रात बसलेलं मोठं बेट. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं की चिकटून दोन लहान बेटं दिसतात, सान्तान्तिओको आणि सान पिएत्रो. मला सान पिएत्रोबद्दल सांगायचंय. जेमतेम ५० चौरस किलोमीटरचं बेट, त्यावर गाव एकच, कार्लोफोर्ते, वस्ती सहा हजारांच्या आसपास. इथली माणसं आपसात जे बोलतात ते सार्डिनियन नाही आणि पुस्तकी इटालियनही नाही, ती बोली आहे पार वर उत्तरेला असलेल्या जेनोवा शहराच्या बाजूची. घरात खास दिवशी शिजतं ते कुसकुस, म्हणजे उत्तर आफ्रिकेचं. गावातल्या अरुंद बोळांना ते ‘कारुज्जू’ म्हणतात, तो शब्द जेनोवाचा, आणि मासेमारीच्या मोठ्या जाळ्याचा प्रमुख असतो तो ‘राइस’, हा शब्द अरबी. आपल्याकडे उर्दूतून आलेला ‘रईस’ तो हाच, मूळ अर्थ प्रमुख, म्होरक्या.

हे सगळं एका गावात कसं आलं हे समजून घ्यायचं तर सार्डिनियापासून सुरुवात करून काही हाती लागत नाही. सुरुवात पोवळ्यापासून करावी लागते.

पोवळं आपल्याला नवीन नाही. मंगळासाठी अंगठीत घालतात ते, जुन्या दागिन्यांच्या डब्यात लाल मण्यांची माळ असते ते. हे चांगलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातून यायचं. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी हे पोवळं लिस्बनमार्गे थेट गोव्याला पाठवायचे आणि गोव्याहून बदल्यात हिरे मागवायचे, दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांनी एकमेकांचं तोंडही बघितलेलं नसायचं, सगळा व्यवहार पत्रांवर आणि भरवशावर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या माळेतला मणी, मी आता ज्या लोकांबद्दल सांगतोय त्यांच्याच हातून समुद्राबाहेर आलेला असणं अजिबात अशक्य नाही. मला या विषयात पहिल्यांदा ओढलं ते यानेच.

तर, ट्युनिसियाच्या उत्तर किनाऱ्याला, अल्जीरियाच्या सीमेजवळ, ताबार्का नावाचं एक पिटुकलं बेट होतं (आता ते भराव टाकून किनाऱ्याला जोडलंय, वर जेनोवाकरांचा किल्ला अजून उभा आहे). त्याच्या आसपासच्या समुद्रात पोवळं भरपूर. १५४० च्या दशकात जेनोवाच्या लोमेल्लिनी या धनाढ्य घराण्याला तिथे पोवळं काढायचा हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी पाण्यात उतरणार कोण, म्हणून त्यांनी जेनोवाच्या पश्चिमेला असलेल्या पेल्यी नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातून कोळी कुटुंबं उचलली आणि तिकडे नेऊन वसवली.

काम भयंकर कष्टाचं. लाकडाचे दोन जाड दांडके फुलीसारखे बांधायचे, त्यांना जुन्या जाळ्यांचे झुपके लटकवायचे, मध्ये वजन, आणि हे सगळं दोराने खोल सोडून बोट वल्हवत खडकांवरून फरफटत न्यायचं. पोवळ्याच्या फांद्या तुटून झुपक्यांत अडकतात, मग सगळ्यांनी मिळून वर ओढायचं. दिवसभर हेच. निघालेलं पोवळं जायचं लोमेल्लिनींकडे, ठरलेल्या भावाने.

अशी त्यांनी तिथे जवळजवळ दोनशे वर्षं काढली. दोनशे वर्षं म्हणजे सात-आठ पिढ्या. समोर किनाऱ्यावर अरबी बोलणारे लोक, त्यांच्याशी रोजची देवघेव, त्यांच्याकडूनच कुसकुस शिकले, पण घरात बोली पेल्यीची, देव पेल्यीचे, लग्नं आपसात. बाहेरचे लोक त्यांना ‘ताबार्किनो’ म्हणायला लागले आणि तेही स्वतःला तेच म्हणायला लागले. ना पूर्ण इकडचे, ना पूर्ण तिकडचे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिवस फिरले. पोवळं ओरबाडून ओरबाडून कमी झालं, एवढ्याशा खडकावर माणसं मावेनात, आणि ट्युनिसच्या बेशी (तिथल्या सत्ताधीशाला बे म्हणायचे) संबंध बिघडत चालले. नेमकं त्याच सुमाराला पलीकडे सार्डिनियात दुसरीच अडचण होती. १७२० मध्ये सार्डिनिया साव्हॉय घराण्याकडे आलं, हे राजे बसायचे लांब तोरिनोत, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या नव्या बेटाचे किनारे बऱ्याच ठिकाणी ओस पडलेत. चाचे आणि मलेरिया, या दोन गोष्टींना घाबरून लोक आत सरकलेले. सान पिएत्रो तर रिकामंच होतं. आणि रिकामं बेट म्हणजे चाच्यांना आयतं बसायला पाट दिल्यासारखं. राजाला माणसं हवी होती, माणसांना जागा हवी होती. आगोस्तिनो ताल्याफिको नावाच्या ताबार्किनो माणसाने पुढाकार घेऊन बोलणी केली, आणि १७३८ मध्ये राजा कार्लो एमानुएले तिसरा याने त्यांना सान पिएत्रो दिलं. गावाचं नाव कार्लोफोर्ते, कार्लोचा किल्ला. पण गावचे लोक आपल्या बोलीत हे नाव फारसं घेतच नाहीत, ते म्हणतात ‘ऊ पाइझे’, म्हणजे नुसतं ‘गाव’. बेटावर दुसरं गावच नाही म्हटल्यावर वेगळं नाव लागतंच कशाला.

जे मागे ताबार्कात राहिले त्यांचं फार वाईट झालं. १७४१ मध्ये ट्युनिसच्या बेने ताबार्का जिंकून घेतलं आणि शेकडो लोकांना गुलाम केलं. त्यातल्या काहींना कार्लो एमानुएलेने खंडणी भरून सोडवलं आणि कार्लोफोर्तेला आणलं, काही जण १७७० मध्ये शेजारच्या सान्तान्तिओको बेटावर कालासेत्ता गावात वसले, आणि जे हस्ते परहस्ते अल्जीयर्सला पोचले होते त्यांना १७६८ नंतर स्पेनच्या राजाने सोडवून आलिकान्तेजवळच्या एका बेटावर ठेवलं. त्या बेटाला आजही नुएव्हा ताबार्का म्हणतात, नवं ताबार्का.

आता इथे जरा थांबायला पाहिजे, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एकच समाज, एकच बोली, एकाच ताबार्कातून निघालेला, पण स्पेनमधल्या बेटावर बोली पुसली गेली, तिथे आज आडनावं उरलीत, जेनोवाच्या वळणाची, स्पॅनिश स्पेलिंगमध्ये लिहिलेली. आणि कार्लोफोर्तेत मात्र बोली जिवंत आहे, नुसती म्हाताऱ्यांच्या तोंडी नाही, २००० नंतरच्या दशकात जे सर्वेक्षण झालं त्यात गावातले साधारण ८५ टक्के लोक ती बोलत होते. इटलीत जिथे ठिकठिकाणच्या बोली टीव्ही आणि शाळेपुढे मान टाकत गेल्या तिथे हा आकडा खरंच थक्क करणारा आहे, खुद्द जेनोवा शहरात जेनोवाची बोली इतकी ऐकू येत नाही.

असं का? माझ्या मते पहिलं कारण म्हणजे ते रिकाम्या बेटावर आले. आधी तिथे कोणी राहत असतं तर त्यांच्यात मिसळावं लागलं असतं, त्यांची भाषा शिकावी लागली असती. दुसरं, पोट भरायचं साधन त्यांचं त्यांच्या हातात होतं. मासे, मीठ, बोटी, सगळं समुद्राचं काम आणि त्या कामाचे शब्द सगळे त्यांच्याच बोलीतले. बोटीवर दोर ओढताना ओरडून सांगायचं असतं, तेव्हा माणूस शाळेत शिकलेली भाषा शोधत बसत नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते म्हणजे या बोलीची त्यांना कधी लाज वाटली नाही. डॉक्टर असो, कॅप्टन असो, मच्छीवाला असो, सगळे एकमेकांशी तेच बोलतात. आपल्याकडे गावची बोली शहरात गेल्यावर दबक्या आवाजात बोलली जाते, आपण सगळ्यांनी बघितलंय, स्वतःही केलंय. तिथे बोली हीच गावकरी असल्याची खूण आहे.

कायद्याच्या बाजूने मात्र अन्याय आहे. इटलीने १९९९ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी कायदा केला, त्यात १२ भाषांची यादी आहे, त्या यादीत ताबार्किनो नाही. जेनोवाची बोली इटलीतलीच, मग तिला अल्पसंख्याक कशी म्हणायची, असा तो पेच. पण अहो, ती जेनोवात अल्पसंख्याक नसेल, सार्डिनियाच्या टोकाला समुद्रात बसलेल्या दोन गावांत तर आहे ना. सार्डिनियाच्या प्रादेशिक सरकारने १९९७ च्या आपल्या कायद्यात ताबार्किनोचं नाव घेतलं, तेवढा आधार आहे. फियोरेन्झो तोझो नावाचे भाषातज्ज्ञ होते, लिग्युरियाचे, म्हणजे जेनोवाकडचेच, २०२२ मध्ये गेले. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं या बोलीच्या व्याकरणावर, शब्दांवर, ताबार्किनो लोकांच्या इतिहासावर घालवली, आणि या दोन छोट्या गावांची बोली अभ्यासाचा गंभीर विषय आहे हे लोकांना मान्य करायला लावलं.

आता जेवणाकडे येऊ, कारण या लोकांचा इतिहास पुस्तकापेक्षा ताटात जास्त स्पष्ट दिसतो.

कुसकुसला ते ‘कास्का’ म्हणतात. पद्धत अशी की पसरट भांड्यात रवा घ्यायचा, हात पाण्यात बुडवून त्यावर शिंतडायचं आणि बोटं पसरून गोल गोल फिरवत राहायचं. रवा ओला झाला पण भिजला नाही अशा बेताने. हळूहळू त्याचे बारीक मोत्यासारखे दाणे वळायला लागतात, घाई केली की गोळा होतो, मग सगळं पुन्हा. मग ते दाणे भोकं असलेल्या भांड्यात ठेवून वाफेवर शिजवायचे, मध्ये काढून मोकळे करायचे, पुन्हा वाफ. वर येतात कोबी, मटार, छोले, मोसमातल्या भाज्या, तेल आणि मसाला. ट्युनिसियात यात बहुतेक मांस असतं, सोबत हरिसा नावाची तिखट चटणी, इथे मुख्य भर भाज्यांवर. पदार्थ तिकडून आणला पण समुद्र ओलांडून आल्यावर तो इथल्या परसातल्या भाजीचा झाला.

त्याच गावात हरभऱ्याच्या पिठाची पातळ फारिनाता मिळते, भट्टीत मोठ्या गोल तव्यात भाजलेली, हे जेनोवाचं. बेसनाच्या धिरड्याची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्या घासातच ओळखीची वाटेल. पास्ता ‘आला कार्लोफोर्तिना’ म्हणून जी मिळते त्यात जेनोवाची हिरवी चटणी पेस्तो, टोमॅटो आणि इथला टूना एकत्र येतात. आणि ‘कापुनाद्दा’ नावाचं एक आहे, त्यात बोटीवर महिनोन्महिने टिकणारी टणक बिस्किटं पाण्यात मऊ करून टोमॅटो, तेल आणि टूना घालून खातात. मला हा पदार्थ फार जवळचा वाटतो, खलाश्याचं शिळं अन्न घरी आल्यावरही त्याला खावंसं वाटलं आणि ते सणासुदीच्या टेबलावर जाऊन बसलं.

टूनाचं नाव इतक्यांदा आलं कारण या गावाचं वर्षच टूनावर बांधलेलं आहे. हा अटलांटिक ब्लूफिन टूना, आपल्या कोकणात कुपा म्हणतात त्याच्याच कुळातला पण अवाढव्य, दोनशे-अडीचशे किलोचा मासा इथे नवल नाही. वसंतात हे मासे अटलांटिकमधून जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरतात, अंडी घालायला. सान पिएत्रोच्या उत्तर टोकासमोरून त्यांची वाट जाते. या वाटेवर एका जागी बांधून ठेवलेलं जे प्रचंड जाळं, त्याला म्हणतात तोन्नारा.

तोन्नारा कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण ऐकायला सोपं वाटतं पण यात शतकांची अक्कल आहे. आधी किनाऱ्यापासून समुद्रात लांबवर जाळ्याची एक उभी भिंत सोडतात, खाली नांगर आणि दगड, वर तरंगणारे बुचे. टूना किनाऱ्याच्या बाजूने येतो, समोर भिंत आली की तो ती फाडत नाही, वळतो, आणि खोल पाण्याकडे, म्हणजे त्याच्या हिशोबाने सुरक्षित दिशेला, भिंतीच्या कडेने जायला लागतो. भिंतीच्या टोकाला जाळ्याचं घर आहे, एकामागे एक खोल्या, प्रत्येक खोलीला जाळ्याचंच दार. एका खोलीतून पुढच्या खोलीत मासे गेले की मागचं दार ओढून बंद. बाकी खोल्यांना तळ नसतो, समुद्राचा तळ तोच त्यांचा तळ, पण शेवटच्या खोलीला खाली जाळं असतं. तिला म्हणतात मृत्यूची खोली.

किती मासे कुठल्या खोलीत आहेत, दार कधी उघडायचं, वारा कुठला आहे, पाणी कुठल्या बाजूला ओढतंय, हे सगळं ठरवतो राइस. त्याचा शब्द शेवटचा. दिवस ठरला की बोटी शेवटच्या खोलीभोवती चौकोन करून उभ्या राहतात आणि माणसं एका लयीत तळाचं जाळं हाताने वर ओढायला लागतात. पाणी उथळ होत जातं, आधी नुसती खळबळ, मग काळ्या पाठी दिसतात, मग सगळं पाणी पांढरं होतं. आकड्यांनी मासे बोटीत ओढून घेतात. याला म्हणतात मात्तान्झा, स्पॅनिशमधल्या ‘मारणे’ या शब्दावरून आलेला. बघायला सोपं नाही, पाणी लाल होतं, आणि ते कुणी लपवतही नाही. पण नंतर त्या माश्याचं काहीही वाया जात नाही, अंडी खारवून वाळवतात, पोटाजवळची चरबीची पट्टी वेगळी, पाठीचा भाग वाळवून त्याचं ‘मुशामे’ करतात, काळीज, जठर सगळ्याचं काहीतरी होतं.

म्हणजे एकाच जाळ्यात बघा, प्रमुखाचं नाव अरबी, मारण्याचं नाव स्पॅनिश आणि बोटीतली बोली जेनोवाची.

मोठ्या कारखानदार बोटी आल्या, जपानी बाजारात ब्लूफिनला सोन्याचा भाव आला, आणि गेल्या शतकाच्या शेवटी हा मासा इतका उपसला गेला की तो संपतोय की काय अशी वेळ आली. अटलांटिकमधल्या टूनाची देखरेख करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयकॅट, तिने २००६ मध्ये कडक योजना आणली, प्रत्येक देशाला कोटा, हंगामाला बंधनं. २०२१ मध्ये या माश्याला धोक्यात असलेल्या जातींच्या वर्गातून बाहेर काढलं गेलं, म्हणजे योजना लागू पडली. पण तोन्नारांना याची झळ बसली. एका जागी उभं राहून जे येईल ते घेणारं जाळं, ज्याच्या मोठ्या भोकांतून लहान मासे निसटून जातात, त्याने मासा संपवला नव्हता, तरी कोटा त्यालाही लागला आणि कोट्याइतके मासे भरले की संपलं, पुढे कितीही आले तरी दारं उघडून सोडून द्यायचे. सिसिलीजवळच्या फाविन्याना बेटावरची शेवटची मात्तान्झा २००७ मध्ये झाली, तिथला भव्य कारखाना आता म्युझियम आहे. ते म्युझियम चांगलंच आहे, पण कार्लोफोर्तेच्या तोन्नाराची जाळी आजही वसंतात समुद्रात उतरतात, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो. जाळं विणणं, नांगर कुठे टाकायचा, राइसने पाण्याकडे बघून काय ओळखायचं, हे काचेच्या कपाटात ठेवून टिकत नाही. २००३ पासून गावात मे-जूनच्या सुमाराला जिरोतोन्नो नावाचा टूनाचा उत्सव भरतो, देशोदेशीचे आचारी येतात, गर्दी होते, पैसा येतो, आणि त्यात वाईट काही नाही, कारण पाठीमागे समुद्रात खरं जाळं आहे.

टूनाशिवाय गावाला अजून एक धंदा होता, आणि तो कसा गेला हेही ऐकण्यासारखं आहे. समोर सार्डिनियाच्या किनाऱ्यावर शिसं आणि जस्ताच्या खाणी होत्या, मासुआ, बुज्जेर्रू वगैरे. तिथे मोठी जहाजं किनाऱ्याला लागू शकत नव्हती. मग कार्लोफोर्तेचे ‘गालान्झिएरी’ आपल्या तिरक्या शिडाच्या बोटी घेऊन जायचे, खनिज टोपल्यांत भरून खांद्यावरून बोटीत आणायचे, ते कार्लोफोर्तेच्या बंदरात आणून मोठ्या जहाजात पुन्हा खांद्यावरूनच चढवायचे. एकच माल दोनदा पाठीवर. १८९७ मध्ये जुझेप्पे काव्हाल्लेरा नावाच्या तरुण समाजवादी डॉक्टरने या कामगारांची संघटना उभी केली, पुढे गावाने त्यांना नगराध्यक्षही केलं. मग १९२४ मध्ये मासुआच्या कड्यातच पोर्तो फ्लाविया नावाचं बंदर कोरलं गेलं, डोंगराच्या पोटात खनिज साठवायचं आणि कड्याच्या भोकातून सरकत्या पट्ट्याने थेट खाली जहाजात. इंजिनियरिंग म्हणून अप्रतिम, आजही टूरिस्ट बघायला जातात, पण त्या एका भोकाने गालान्झिएरींचं काम संपवलं. पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची पोरं मग व्यापारी जहाजांवर गेली. गावात जहाजावर जाणाऱ्यांसाठी शाळा आहे, आणि अजूनही घराघरात कोणी ना कोणी चीफ इंजिनियर, कोणी कॅप्टन, चार-सहा महिने बाहेर आणि मग घरी. कोकणातल्या कितीतरी घरांना हे आयुष्य सांगायला नको.

मध्येच एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. १८९९ मध्ये शास्त्रज्ञांनी ठरवलं की पृथ्वीचा अक्ष किंचित डोलतो तो किती, हे मोजायचं, त्यासाठी सगळी केंद्रं एकाच अक्षांशावर हवीत, ३९ अंश ८ मिनिटं उत्तर. जपान, मध्य आशिया, अमेरिका आणि इटलीत कार्लोफोर्ते. चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेल्या सान व्हित्तोरिओ बुरुजात दुर्बीण बसवली आणि रात्रीमागून रात्री, अनेक दशकं, तिथून तारे मोजले गेले. कोळ्यांच्या गावाच्या टोकाला बसून कोणीतरी अख्ख्या पृथ्वीचं डोलणं टिपत होतं, मला यापुढे काही सुचत नाही.

गावाचा दिवस कसा जातो? बेट म्हटल्यावर सगळं फेरीबोटीवर. पोर्तोवेस्मेहून किंवा कालासेत्ताहून अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास, पण तीच बोट पेपर आणते, औषध आणते, कॉलेजची पोरं नेते, कामावरची माणसं परत आणते. मिस्त्राल वारा, इटालियनमध्ये माएस्त्राले, वायव्येकडून सुटला की आधी लोक आकाश बघतात, मग बोटीची चौकशी करतात. दुपारी दुकानं बंद, बोळ ओस, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या. संध्याकाळी उन्हं उतरली की सगळं गाव किनाऱ्याच्या रस्त्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं, तेच लोक दहादा समोर येतात आणि दहाही वेळा बोलतात. तिथेच राजा कार्लो एमानुएलेचा पुतळा आहे, एक हात नसलेला. १७९३ मध्ये क्रांतीवाले फ्रेंच येऊन बेटावर उतरले, बेटाचं नावच त्यांनी स्वातंत्र्याचं बेट करून टाकलं होतं, तेव्हा गावकऱ्यांनी पुतळा वाचवायला जमिनीत पुरला आणि त्यात हात मोडला असं गावात सांगतात. फ्रेंच काही महिन्यांतच गेले. पुतळा वर आला, हात काही कोणी जोडला नाही.

वर्षालाही लय आहे. वसंतात जाळी, मे-जूनमध्ये टूना, २९ जूनला संत पिएत्रोची मूर्ती बोटीतून समुद्रात मिरवणुकीला. मग जुलै-ऑगस्टमध्ये टूरिस्ट, गावात पाय ठेवायला जागा नसते. आणि सगळे परतायला लागले की पश्चिमेच्या कड्यांवर एलिओनोरा ससाण्याची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात. हा पक्षी बाकीच्यांसारखा वसंतात पिल्लं काढत नाही, तो मुद्दाम उशीर करतो, कारण सप्टेंबरात युरोपातले छोटे पक्षी थव्याथव्याने आफ्रिकेकडे निघतात आणि त्याच्या पिल्लांना तेव्हा खाऊ मिळतो. पिल्लं मोठी झाली की ससाणे मादागास्करला. रोमन लोक या बेटाला ससाण्यांचंच बेट म्हणायचे. मग गाव पुन्हा गावच्या लोकांचं होतं, बोळांत फक्त ताबार्किनो ऐकू येतं. अडचणी या दिवसांत कळतात, नोकऱ्या नाहीत, शिकलेली पोरं परतत नाहीत, वस्ती घटत चाललीये, वारा सुटला की डॉक्टरकडे जाणंही बोटीच्या मर्जीवर.

आणि अशाच दिवसांत, १५ नोव्हेंबरला, गावाचा सगळ्यात जिव्हाळ्याचा सण येतो.

१७९८ च्या सप्टेंबरात, ताबार्काच्या गुलामीतून सुटून जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या, पहाटेच्या अंधारात ट्युनिसच्या चाच्यांनी कार्लोफोर्तेवर हल्ला केला. नऊशेच्या वर माणसं, बायका, पोरं ओढून नेली. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ज्या किनाऱ्यावर गुलाम केलं होतं, तेच पुन्हा त्याच किनाऱ्यावर. पाच वर्षं गेली तिथे. १८०० मध्ये निकोला मोरेत्तो नावाच्या त्यांच्यातल्याच एका तरुणाला नाबूल इथे समुद्राकाठी एक काळपट लाकडी बाईची मूर्ती सापडली, बहुधा जहाजाच्या पुढच्या टोकावर बसवतात तशी. त्याने ती आणून त्यांच्याबरोबरच कैदेत असलेल्या पाद्र्यांना दाखवली, निकोलो सेन्यी त्यांचं नाव, आणि सगळ्यांनी तिला माता मरिया मानलं. तिच्यापुढे प्रार्थना करत त्यांनी उरलेली वर्षं काढली. १८०३ मध्ये सुटका झाली तेव्हा घरी नेण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, त्यांनी ती मूर्ती नेली. गावात परत आल्यावर तिच्यासाठी छोटं देऊळ बांधलं आणि गावाभोवती तटबंदीही घातली, तिचे काही भाग अजून उभे आहेत.

तिचं नाव ‘मादोन्ना देल्लो स्कियाव्हो’, गुलामाची माता. देऊळ गल्लीत आहे, दोन्हीकडच्या घरांच्या मध्ये, आतली मूर्ती इतकी लहान आहे की पहिल्यांदा येणारा माणूस तिला शोधतो. नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी तिला बाहेर काढतात आणि पेल्यीच्या बोलीत बोलणारं गाव तिच्या मागून कारुज्जूंमधून बंदराकडे चालत जातं.